मोरीमागची बेचकी

"बाई, भिताडाला बुरशी धरलीया. टाकीत उरल्यालं बोर्डो हाय, मारू का दोन हात?"

आमचा वाटेकरी डाळिंबावरची फवारणी उरकून पाठीवरच्या पंपासकट परसात उभा होता. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, हे सांगोल्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या धास्तीने इथे माणूस पानावरच्या डागाला सापासारखा भितो. मी आत फोडणी घालत होते. तिथूनच म्हणाले, "मार."

आठवड्याभरात मोरीमागचा हिरवा पट्टा तपकिरी पडला. खराट्याने झाडायला गेले, तेव्हा एक चकती सुटून वर आली. रुपयाएवढी, मधून बाहेर फाटे फुटलेली, प्रत्येक फाटा टोकाशी पुन्हा दुभंगलेला. चष्मा पुसला, कपाटातलं भिंग आणलं आणि धुण्याच्या दगडावर बसकण मारली. हा रिक्सिया होता. मेलेला.

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. 'वनस्पतीसृष्टीचे उभयचर' हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील! खाली उदाहरणं: फ्युनारिया, मर्केन्शिया, रिक्सिया. पोरं पाठ करायची, मी गुण द्यायची. जिवंत रिक्सिया मी कॉलेजच्या सहलीत महाबळेश्वरला पाहिला होता, तोही धुक्यात छत्री सावरत. त्यामुळे असली झाडं घाटमाथ्यावरच असायची, हे मनात पक्कं बसलेलं. आमचा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. जून-जुलैत नुसते ढग पश्चिमेकडून धावत जातात, खरी भिस्त परतीच्या पावसावर. इथे उभयचर कशाला येईल?

तो आलेला होताच. मला दिसला नव्हता.

पुढच्या वर्षी फवारलेल्या पट्ट्यात काहीच उगवलं नाही. तांबं मातीतून लवकर जात नाही. पण पंप जिथे पोचला नव्हता, त्या दगडाच्या कडेला भाद्रपदात पोपटी ठिपके दिसले आणि पंधरा दिवसांत त्यांच्या चकत्या झाल्या. रिक्सियाला आमच्यासारखा मुलूख चालतो, हे मला तेव्हा उमगलं. त्याचे बीजाणू अंगातच, मांसल फाट्यांच्या आत पिकतात. दांडा नाही, छत्री नाही. ओल सरली की अंग कुजतं, बीजाणू तिथल्याच मातीत राहतात आणि पावसाची वाट पाहतात. चार-सहा आठवड्यांची ओल त्याला पुरते. मटकीसुद्धा इतक्या कमी दिवसांत हाती येत नाही.

मग मी परसातला हिरवेपणा निवडायला लागले, तांदूळ निवडावेत तसा. हौदाखाली पाय घसरतो ते शेवाळ, त्याला आकारच नाही. पायरीच्या सांध्यातली मखमल म्हणजे मॉस. भिंगाखाली त्याची इवली पानं वेगवेगळी दिसतात. पावसानंतर अंगणात काळपट-हिरवी जेली फुगते ते नॉस्टॉक, ते झाडही नव्हे. आणि जे जमिनीला चिकटून पसरतं, ज्याला पान-खोड असा भेद नाही आणि ज्याचा प्रत्येक फाटा बेचकीसारखा दुभंगतो, ते आपलं. उलटं केलं तर खाली केसासारखे मूलाभ, मातीला धरून बसलेले. रिक्सियाची नेमकी जात सांगायची तर सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंवरची नक्षी पाहावी लागते. तेवढ्या खोलात मी गेले नाही.

दुसरा पाहुणा जुन्या आडाच्या उत्तरेकडच्या दगडात सापडला, तोही ऐन मे महिन्यात. काळ्या दोऱ्यांचे तुकडे चिकटल्यासारखे दिसत होते. तांब्यातलं पाणी शिंपडलं. थोड्याच वेळात कडा उलगडल्या, खालचे जांभळे खवले आत गेले आणि वर हिरवी पट्टी पसरली. मला तो प्लॅजिओकास्मा वाटतो. वनस्पतिशास्त्रज्ञ शिवराम कश्यपांनी 1929 साली यकृतकांवर जो ग्रंथ काढला, त्याच्या नावात पश्चिम हिमालयाच्या जोडीला पंजाबचं मैदानही आहे. कोरड्या मुलखाला त्यांनी वगळलं नव्हतं. मी मात्र वगळला होता.

यकृतका हे रिक्सिया, प्लॅजिओकास्मा यांच्या गटाचं परिभाषेतलं मराठी नाव. पसरट अंग यकृताच्या पाळीसारखं दिसतं, म्हणून युरोपातले जुने वैद्य ते यकृताच्या दुखण्यावर देत; नाव तिथून आलं. हे मी आमच्या भांडीवाल्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काविळीला देत्यात व्हय? आमी तर भुईआवळा देतो."

"देत नाहीत आता."

"मग असलं नाव कशाला? बेचकी म्हणा की."

मी तेव्हापासून बेचकीच म्हणते.

बेचकीसाठी केलं काय? बरंचसं करायचं थांबवलं. खराटा तिथे फिरवत नाही. लिंबाचा पाला हाताने वेचते, कारण त्याच्या थराखाली ती गुदमरते. साबणाचं पाणी नळी लावून केळीकडे वळवलं. बोअरच्या पाण्यात इतके क्षार की बादलीला पांढरा थर धरतो, म्हणून ते तिला नाही. पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी रांजणात धरून ठेवते, उघडीप लांबली तर तेवढंच शिंपडते. टँकरची वाट पाहण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या बाईने शेवाळाला पाणी घालावं, याची लाज वाटते. शेजारीण भिंतीवरून डोकावली की तांब्या पदराआड जातो. कुणी मर्केन्शिया कुंडीत आणून लावायला सुचवलं. नको म्हटलं. ती थंड, कायम ओल्या जागेची. इथे तिला जगवणं म्हणजे तिचेही हाल आणि माझेही.

यंदा हस्ताचा पाऊस बरा झाला. दगडाच्या कडेपासून चकत्या हातभर पुढे सरकल्या आहेत, फवारलेल्या पट्ट्याच्या काठापर्यंत. परवा वाटेकरी पंप घेऊन परसामागच्या डाळिंबांकडे निघाला होता. फाटकाशी थांबला, चिमूटभर माती उचलून वाऱ्यावर सोडली आणि ती कुठे जाते ते पाहत राहिला.

"बाई, वारं बेचकीकडं जातंय. सांजच्याला मारतो."