माझे दोन दिवस

वादळ आलं ते बुधवारी, ३ जून २०२० ला. त्याचं नाव निसर्ग. आमच्या श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्याला ते दुपारी लागलं. वारा ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरचा होता, हे मागाहून कळलं. त्या वेळी घरात दाराला पाठ लावून बसलो होतो तेव्हा फक्त वाडीतली झाडं मोडल्याचा आवाज येत होता. पोफळ मोडते ती कडकन. माड पडतो तेव्हा जमीन हादरते. सुरुवातीला मी मोजत होतो, मग सोडून दिलं.

संध्याकाळी बाहेर आलो तर घरातनं समुद्र दिसत होता. आजवर कधी दिसला नव्हता. मध्ये वाडी होती ना! दीडशे पोफळींतल्या अकरा उभ्या, बावीस माडांतले दोन. आणि विजेचे खांब तर भाताच्या रोपासारखे आडवे झालेले.

वीज गेली म्हणजे काय काय गेलं ते एकेक दिवसाने कळत गेलं. विहिरीत पाणी भरपूर, पण पंप बसवल्यावर कप्पी मीच काढून टाकली होती. मग पोहरा हाताने ओढायचा. दोन दिवसांत तळहात सोलले. गॅस आला तसं रेशनचं रॉकेल बंद झालेलं, त्यामुळे कंदील असून उपयोग नाही. पडलेल्या नारळांचा ढीग दारात होता. बायकोने खोबरेल तेलाच्या पणत्या लावल्या. पिठाची गिरणी बंद, म्हणून चार घरांत मिळून एक जुनं जातं मांडलं. मोबाईल गाडीच्या बॅटरीवर चार्ज करून आणला तरी टॉवरच बंद. मुंबईतला मुलगा तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून, वाटेतली झाडं ओलांडत आला. कोरोनाचे दिवस, म्हणून गडग्याबाहेर उभा राहिला. ‘आबा, आहात ना?’ एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

पहिल्या आठवड्यात लोक एकमेकांना धरून होते. दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. कौलं नाहीत, वर ताडपत्री, रात्री डास आणि मिट्ट काळोख. माणसं चिडायला लागली. कुणाच्या गावात आधी वीज आली यावरून भांडणं झाली. आमच्याकडे घाटावरची वायरमन मंडळी आली होती. आपली घरं सोडून भर पावसात चिखलात खड्डे काढत होती. गावातली पोरं त्यांच्याबरोबर खांब खांद्यावर वाहत होती. एका खांबाला मीही हात लावला. चोविसाव्या दिवशी खालच्या आळीत दिवे लागले. माझ्याही घरात लागले.

वरच्या आळीची लाईन तेवढी राहिली होती. जुनी वाट दरड येऊन बंद झालेली. नवी लाईन माझ्या वाडीच्या कडेने न्यायची ठरली, आणि तिथेच उरलेल्या दोन माडांतला एक. वायरमन म्हणाला, ‘काका, झावळ्या तारेला लागणार. हा तोडावा लागेल.’

तो माड माझ्या आईने लावलेला. मी म्हटलं, ‘तोडायचा नाही. लाईन फिरवून न्या.’ फिरवायला तीन खांब जास्त लागत होते, आणि खांब मोजून आलेले. तो निमूटपणे सामान उचलून दुसऱ्या कामाला गेला. सरपंच येऊन गेले, आळीतले दोघंतिघं येऊन गेले. मी सगळ्यांना एकच सांगितलं, वादळाने वीस नेले, एकविसावा मी देणार नाही. मला ते बरोबर वाटत होतं. खोटं कशाला सांगू, घरात पंखा फिरत होता म्हणून जास्तच बरोबर वाटत होतं.

दुसऱ्या रात्री वरून बॅटऱ्यांचा उजेड उतरताना दिसला. वरच्या आळीतल्या काकूला दम्याचा त्रास. वाफेचं यंत्र विजेवर चालणारं. चार पोरांनी तिला खुर्चीत बसवून पावसातून खाली रस्त्यावर आणली आणि जीपमध्ये घातली. खुर्ची माझ्या गडग्याजवळून गेली. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. काकूच्या श्वासाचा आवाज मात्र मला ओसरीवर ऐकू आला.

उजाडताच मी कोयता-कुऱ्हाड घेऊन वायरमनच्या मुक्कामावर गेलो. म्हटलं, चला. दुपारपर्यंत माड आडवा झाला. संध्याकाळी वर दिवे लागले.

काकू आठ दिवसांनी घरी आली. मी भेटायला गेलो ते मान खाली घालूनच. तिने चहा करायला लावला आणि म्हणाली, ‘तोडलास ना रे तो माड? तुझ्या आईबरोबर मीच गेले होते रोप आणायला. डोक्यावरून आणलंन तिने, वाटेत मला हातसुद्धा लावू दिला नाही.’ आणि डोळ्याला पदर लावलान. मी माफी मागायला गेलो होतो, ती राहूनच गेली. पुढे ती दोन वर्षं होती. तरी ती राहिलीच.

पुढे सरकारने नुकसानभरपाई झाडामागे ठरवली, नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. पंचनाम्यात माझे वीस माड लागले. एकविसावा वादळात पडला नव्हता, तो मी लिहू दिला नाही. त्याच्या जागेच्या जरा आत, तारेपासून लांब, नवीन रोप लावलंय. अजून धरलेलं नाही.

गावात अजून गोष्ट निघाली की लोक म्हणतात, वरच्या आळीत वादळामुळे सव्वीस दिवस वीज नव्हती. मी गप्प बसतो. हिशेब मला माहीत आहे. चोवीस दिवस वादळाचे. दोन माझे.