निळा, काळा, पांढरा

मैत्रिणींनो, ट्रंकेतली पैठणी कसरीपासून जपायची म्हणजे केवढा व्याप! मग एक रेशमी निशाण तब्बल ४८ वर्षं दडवून ठेवायचं म्हणजे काय असेल, बघा.

बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया हा चिमुकला देश. तिथे रशियाच्या झारचा अंमल होता, तेव्हाची गोष्ट. १८८४ साली तार्तू शहरातल्या बायकांनी विद्यार्थ्यांच्या मंडळासाठी हे निशाण शिवलं. वरचा निळा पट्टा आभाळाचा नि तळ्यांचा. मधला काळा मातीचा, आणि सोसलेल्या दिवसांचाही. खालचा पांढरा बर्फाचा नि उजेडाचा. १९१८ साली देश स्वतंत्र झाला आणि मंडळाचे हेच रंग राष्ट्रध्वजाचे झाले.

१९४० साली सोव्हिएत सत्ता आली, पाठोपाठ जर्मन फौजा. त्या धामधुमीत १९४३ साली मूळ निशाण एका शेतघरात धुराड्यालगत लपवलं गेलं. युद्धानंतर पुन्हा सोव्हिएत अंमल. हे तीन रंग फडकवले, तर तुरुंगच!

अखेर २४ फेब्रुवारी १९८९ ला टालिन या राजधानीतल्या ‘पिक हेर्मान’ बुरुजावर तो ध्वज पुन्हा चढला. १९९१ साली देश मोकळा झाला, आणि धुराड्यालगतचं निशाणही बाहेर आलं. आज ते तार्तूच्या संग्रहालयाकडे आहे.

टालिनला कधी गेलात, तर सकाळी जरा लवकर उठा. बुरुजावर राष्ट्रगीताच्या सुरात ध्वज चढतो. तो बघताना, सुई-दोरा घेऊन बसलेल्या त्या बायकांची आठवण जरूर काढा.