लहान होडी आणि गोडें पाणी

आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या मित्रासह शिडाच्या लहान होडींतून कोचीहून सुमारें ४०० किलोमीटरांवरील कवरत्ती बेटास जाण्याचा बेत करीत आहे. खाऱ्या पाण्याचें गोडें पाणी करणारें हातयंत्र बरोबर घ्यावें कीं पैसा वांचवावा, असें त्यानें आम्हांस विचारिलें. प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. वस्तुतः तो दोन जिवांचा आहे. म्हणून त्याचें उत्तर हिशेब मांडूनच देणें आम्हांस भाग पडलें.

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तें प्याल्यास हे क्षार बाहेर टाकण्यासाठीं मूत्रपिंडांस प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावें लागतें. त्यामुळें तहान उलट वाढते. हें यंत्र समुद्राचें पाणी हवेच्या दाबाच्या पन्नासपटींहून अधिक दाबानें एका अतिसूक्ष्म पडद्यांतून ढकलतें. पाणी पलीकडे जातें, क्षार बहुतेक अलीकडेच राहतात. असा उपयोगी पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत सिडनी लोब व मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनीं सिद्ध केला.

आतां श्रमाचा हिशेब. अगदीं लहान यंत्राचें वजन सव्वा किलोहून कमी. परंतु मिनिटास ४० वेळां दांडा दाबीत राहिलें तरी तासास लिटरभरही पाणी मिळत नाहीं. दोघांस दररोज ८ लिटर धरल्यास नऊ तास दांडाच हालवीत बसावें लागेल. मग सुकाणू कोणीं धरावें? सुमारें सव्वातीन किलोंचें यंत्र तासास साडेचार लिटर देतें, पण त्यास किंमतही बरीच अधिक पडते. त्यापेक्षां पांच दिवसांचें ४० लिटर पाणी पिंपांत नेणें, आणि तितकेंच राखून ठेवणें, अधिक सोपें. शिवाय पडद्यास तेल व क्लोरीन सोसत नाहीं; वापरानंतर तो वाळूं न देतां औषधी द्रावणानें जपावा लागतो.

तथापि हिशेबास दुसरी बाजू आहे. १९८९ सालीं पॅसिफिक महासागरांत देवमाशांनीं होडी बुडविल्यावर बिल व सिमोन बटलर हें दांपत्य ६६ दिवस तराफ्यावर जगलें, तें अशाच हातयंत्राच्या पाण्यावर. पिंपें होडीबरोबर बुडतात. हाताशीं ठेवलेली पिशवी तराफ्यावर येऊं शकते.

म्हणून आम्हीं त्यास लिहिलें कीं, किनाऱ्यालगत जावयाचें असतें तर पिंपें पुरेशीं होतीं. तुझ्या वाटेवर मात्र विहीर आणि मदत दोन्ही दूर आहेत. रोजची तहान पिंपांनीं भागीव, पाऊस आला तर तो शिडाच्या कापडावर धर, आणि यंत्र संकटाच्या पिशवींत बांधून ठेव. निघण्यापूर्वीं स्वच्छ समुद्रपाण्यावर तें एकदां चालवून पाहा, आणि मित्रासही चालविण्यास शिकीव.

विद्यार्थिमित्रहो, वस्तूचें मोल ठरवितांना ती रोज किती उपयोगी पडेल हें अवश्य पाहावें. पण ती नसतां काय गमवावें लागेल, हेंही हिशेबांत धरावें.