उलटा गिअर

मागे जाण्याला आपल्या भाषेने कधीच मान दिलेला नाही. ‘पाठ दाखवणे’, ‘शेपूट घालणे’, ‘पाय काढता घेणे’, ‘माघार घेणे’ यांतला एकही वाक्प्रचार सभ्य माणसाला स्वतःविषयी ऐकायला आवडणार नाही. वर्गात मी मुलांना ते वाक्यांत योजायला सांगतो आणि मुलेही ते बिनचूक एखाद्या भित्र्या इसमाच्या गळ्यात घालतात. वीराने पुढेच जायचे. त्याने मागे वळावे, अशी सोय आमच्या मराठीच्या पुस्तकात नाही!

या समजुतीला पहिला धक्का दिला तो एका मोटारीने. तोही हिटलरच्या सैन्यातल्या मोटारीने.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराने १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उभारले. देशोदेशींचे रणगाडे तिथे शांतपणे म्हातारपण काढीत उभे आहेत. त्यांच्यात दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन चिलखती गाडी आहे. ‘श्वेरर पान्झरस्पेवागन’ हे तिचे नाव. उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण समास सोडवला की अर्थ सरळ आहे. ‘पान्झर’ म्हणजे चिलखत, ‘स्पे’ म्हणजे टेहळणी, ‘वागन’ म्हणजे गाडी आणि ‘श्वेरर’ म्हणजे जड. नाव सुटले, पण कुतूहल सुटेना. घरी आल्यावर मी या गाड्यांच्या कुळाची माहिती काढीत बसलो.

१९१९च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला चिलखती गाड्या बांधायची मनाई केली होती. पुढे १९३०नंतर जर्मनांनी सहा चाकांच्या ट्रकच्या सांगाड्यावर चिलखत चढवून पहिल्या जड गाड्या तयार केल्या. रस्त्यावर त्या बऱ्या धावत. रस्ता सोडला की त्यांची दमछाक होई. मग त्याच दशकाच्या उत्तरार्धात आठ चाकांची गाडी आली आणि तीच या कुळातली नामांकित ठरली. वजन सव्वाआठ टन, इंजिन सुमारे दीडशे अश्वशक्तीचे, रस्त्यावरचा वेग ताशी ८५ किलोमीटर. आठही चाकांना इंजिनाचा जोर मिळे आणि आठही चाके वळत. आत चार माणसे, वर २० मिलिमीटरची लहानशी तोफ आणि एक मशीनगन. चिलखत मात्र सुरुवातीला ८ ते १५ मिलिमीटर जाडीचे. रायफलची गोळी त्याने अडे, तोफेचा गोळा नव्हे.

पण खरी गंमत पुढेच आहे. छे, खरी गंमत मागे आहे! या गाडीत चालकाच्या जागा दोन. एक पुढे तोंड करून, दुसरी मागे तोंड करून. मागच्यालाही स्वतंत्र स्टिअरिंग. हा मागचा गृहस्थ एरवी वायरलेस सांभाळी. शत्रू दिसला की गाडी वळवीत बसायचे नाही. दिशा बदलायची, मागच्याने स्टिअरिंग हाती घ्यायचे आणि आलो त्याच वेगाने परत निघायचे. गाडी पुढे जितकी धावे, तितकीच मागेही धावे.

एवढा खटाटोप कशासाठी? टेहळ्याचे काम लढण्याचे नसते. पाहून परत येण्याचे असते. बहिर्जी नाईक शत्रूच्या गोटात शिरून तिथेच तलवार उपसून पडले असते, तर महाराजांना बातमी कोणी आणून दिली असती?

आमच्या पारशिवनी तालुक्यातल्या कोलितमाऱ्याहून पेंचच्या जंगलात जाता येते. एका उन्हाळ्यात आमची जिप्सी वळणावर आली, तो समोर रस्त्याच्या मधोमध वाघ! तो सावकाश आमच्याच दिशेने चालू लागला. चालकाने मान वळवली आणि तितक्याच सावकाश गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. “राजाले रस्ता द्याच लागते, सर,” तो हळूच म्हणाला. त्याला भित्रा म्हणावे असे गाडीतल्या एकाच्याही मनात आले नाही. गाडीला मागचा गिअर आहे, याबद्दल आम्ही सारे मनोमन देवाचे आभार मानीत होतो.

मात्र त्या जर्मन गाडीचे कौतुक करताना जीभ आखडते. फेब्रुवारी १९४१मध्ये रोमेलचे सैन्य आफ्रिकेत उतरले, तेव्हा त्याच्याबरोबर या गाड्याही वाळवंटात आल्या. आणि समोर आपली माणसे होती. २० जून १९४२ रोजी तोब्रुकच्या आग्नेय बाजूला जर्मनांचा मोठा हल्ला आला, तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीच्या मोर्च्यावर. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले. सुमारे तेहतीस हजार सैनिक कैद झाले, त्यांत ती पलटणही गेली. पाठीशी समुद्र, मागे जायला वाटच नव्हती. कोकणात आणि देशावर किती घरांनी माघारी येणाऱ्याची वाट पाहत दिवे लावले असतील!

पण काळाचा खेळ पाहा. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला, एल अलामीनला हरत आलेल्या रोमेलला हिटलरचा हुकूम आला, ‘एक पाऊलही मागे घ्यायचे नाही.’ रोमेल एक दिवस घुटमळला आणि मग निघालाच. स्टालिनग्राडला वेढ्यात सापडलेल्या सहाव्या सैन्याला मात्र बाहेर पडू दिले गेले नाही. फेब्रुवारी १९४३च्या आरंभी त्याच्या उरल्यासुरल्या तुकड्याही शरण गेल्या. आफ्रिकेचे ऊन सोसावे म्हणून या गाडीची नवी जात आखली होती; तिला हवेने थंड होणारे टाट्रा डिझेल इंजिन होते. ती तयार होऊन येईपर्यंत मे १९४३मध्ये आफ्रिकेतले जर्मन सैन्यच शरण गेले होते! ज्यांच्या इंजिनिअरांनी मोटारीला दोन्ही दिशा दिल्या, त्यांच्या पुढाऱ्याला एकच दिशा ठाऊक होती.

शिवाजी महाराजांना दोन्ही ठाऊक होत्या. १६६५ साली पुरंदरच्या तहात त्यांनी तेवीस किल्ले देऊन टाकले आणि १६७०पासून ते एकेक करून परत घ्यायला सुरुवात केली. आम्ही मात्र पोवाडे ऐकतो ते सिंहगडाचे. पुरंदरच्या तहाचा पोवाडा कोणी मागत नाही.

आणि त्याची किंमत आमची पोरे मोजतात. इकडची कितीतरी मुले स्पर्धापरीक्षांसाठी पुण्याला जातात. माझा एक विद्यार्थी पाच वर्षे तिथे होता. यादीत नाव लागत नव्हते, वय सरत होते, घरचा पैसाही सरत होता. फोनवर त्याचे एकच पालुपद असे, “सर, कोणत्या तोंडाने येऊ?” अखेर गेल्या वर्षी तो आला. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी परीक्षेचा विषय काढला नाही, खर्चाचा हिशेब सांगितला नाही. खाट पुढे सरकवीत ते एवढेच म्हणाले, “पोरगा वापस आला जी, सर.” आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

तेच देशावर असते, तर म्हणाले असते, ‘माघारी आला’. ‘माघार’ आणि ‘माघारी’ यांत अंतर ते केवढे? एका वेलांटीचे. पण पहिल्या शब्दात नामुष्की आहे, आणि दुसऱ्यात कोणीतरी दार उघडे ठेवून बसलेले आहे.