चिन्ह नसलेली मतपत्रिका

मॅडिसन, विस्कॉन्सिन
२६ फेब्रुवारी २०२३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

येऊन बारा दिवस झाले. थंडी अंगवळणी पडते आहे. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर या गावाचा जुना भाग वसलाय आणि त्या पट्टीच्या मधोमध राज्याच्या विधानभवनाचा पांढरा घुमट आहे. त्याच्या एक मैलाच्या आत घुमटाखालच्या खांबांच्या पायथ्याहून उंच इमारत बांधायची नाही, असा कायदाच आहे. त्यामुळे कुठूनही मान वर केली की तो दिसतो. माझ्यासारख्या नवख्या माणसाला वाट सापडायला त्याचा फार उपयोग होतो. मेंडोटा गोठलंय. माणसं बर्फात भोक पाडतात, शेजारी स्टूल मांडतात आणि गळ टाकून तासन् तास बसतात.

पण तुला लिहायचं आहे ते पाट्यांबद्दल. घरोघर अंगणातल्या बर्फात छोट्या पाट्या खोचलेल्या आहेत. त्यांवर माणसाचं नाव आणि खाली पद, एवढंच. झेंडा नाही, चिन्ह नाही. मी लेकीला विचारलं, यातला कोण कुठल्या पक्षाचा? ती म्हणाली, "आई, या निवडणुकीत पक्ष नसतोच." महापौर, नगरसेवक, शाळामंडळ, न्यायाधीश या सगळ्यांची निवडणूक विस्कॉन्सिनमध्ये एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी होते आणि मतपत्रिकेवर कुणाच्याही नावापुढे पक्ष छापत नाहीत. फेब्रुवारीत पहिली फेरी. महापौरपदाला तिघं उभे होते. २१ तारखेच्या मतदानात एक गळला, आता दोघी उरल्या आहेत.

हे ऐकलं आणि तुझी कपबशी आठवली. आपल्या ग्रामपंचायतीलाही पक्षाचं चिन्ह चालत नाही, म्हणून तर तुला कपबशी मिळाली होती आणि आपण दोघी ती घरोघर दाखवत फिरलो होतो. लोक मात्र दारातच विचारायचे, "पॅनल कुणाचं?" इथेही असंच काही असेल का, ते बघायचं मी ठरवलंय. पंचवीस वर्षं मतदान केंद्रावर ड्युटी केलेल्या बाईला इथे नुसतं बसवेल का?

तुझी,
धाकटी

मॅडिसन
१९ मार्च २०२३

ती. सौ. ताईस,
सा. न.

पत्र मिळालं. तू विचारलंस, पक्षच नाही तर लोक मत कशावर देतात? हाच प्रश्न मी महिनाभर सगळ्यांना विचारतेय. त्याचं सगळ्यांत चांगलं उत्तर मला शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरात मिळालं.

त्या ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, निवृत्त परिचारिका. मला चहाला बोलावलं आणि टेबलावरची साखर, बिस्किटं बाजूला सारून बसमार्गांचा नकाशा पसरला. जूनपासून शहरातले सगळे मार्ग बदलणार आहेत. थांबे कमी होतील, त्यांच्यातलं अंतर वाढेल, पण बस लवकर लवकर येईल. शिवाय पूर्व-पश्चिम जलद बसमार्गाचं काम सुरू झालंय. बाईंनी नकाशावर आपल्या घराच्या जागी पेन्सिलीने फुली मारली होती. सध्याचा थांबाही गोल करून ठेवला होता, कोपऱ्यावर, अगदी दारात. नवीन थांबा बराच पुढे. त्या म्हणाल्या, "बर्फात काठी घेऊन मी तिथवर कशी जाऊ?" आणि लगेच, "पण माझी कामवाली गावाच्या दुसऱ्या टोकाहून येते, तिचा पाऊण तास वाचेल." त्यांचं मत या दोन वाक्यांच्या मध्ये अडकलं होतं. ताई, निवडणुकीचा याहून खरा प्रश्न मी आजवर ऐकलेला नाही.

आता महापौरपदाच्या त्या दोघी उमेदवारांविषयी. सध्याच्या महापौर सात्या रोड्स-कॉनवे. त्या आधी सहा वर्षं नगरसेवक होत्या, २०१९ मध्ये महापौर झाल्या आणि ही बसयोजना त्यांची. समोर ग्लोरिया रेयेस. शेतमजूर कुटुंबातल्या, याच गावात वाढलेल्या, पोलीस खात्यातून आलेल्या, उपमहापौर आणि शाळामंडळाच्या अध्यक्षा राहिलेल्या. बसयोजनेवर त्यांचे आक्षेप आहेत. पोलिसांच्या अंगावर कॅमेरा असावा की नसावा, घरभाडी का भडकली, वाढत्या गावात घरं कुठे बांधायची, हे बाकीचे मुद्दे. दोघीही डेमोक्रॅटिक विचारांच्याच समजल्या जातात. म्हणजे इथे पक्षाचं नाव छापलं असतं तरी मतदाराला काडीचा उपयोग झाला नसता. बस, कॅमेरा आणि घर यांवरच निवड करावी लागली असती.

आणि इथला महापौर खरोखर कारभार करतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे महानगरपालिकेत महापौर नगरसेवकांतून निवडतात आणि कारभाराची सूत्रं आयुक्तांकडे असतात. इथे वीस नगरसेवकांच्या सभेत महापौर अध्यक्षस्थानी बसतो, अंदाजपत्रक तोच मांडतो आणि सभेचा ठराव नाकारूही शकतो. थांबा हलला तर कुणाला विचारायचं, हे शेजारच्या बाईंना पक्कं ठाऊक आहे.

पॉल सॉग्लिन यांचं नाव इथे अजून निघतं. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरलेला विद्यार्थी १९७३ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी महापौर झाला, पुढे १९८९ मध्ये पुन्हा, २०११ मध्ये पुन्हा, आणि २०१९ मध्ये रोड्स-कॉनवे यांच्याकडून हरला. जेव्हा जेव्हा गावाने त्यांना बोलावलं किंवा घरी बसवलं, तेव्हा तेव्हा त्यांच्या कामाकडे बघूनच, असं मला हे सगळं ऐकून वाटतं.

मात्र पक्ष पुसून टाकण्याची कथा तितकी सोवळी नाही. विधानभवनात रॉबर्ट ला फॉलेट यांचा अर्धपुतळा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्षाच्या मुखंडांच्या हातून उमेदवार ठरवण्याचा हक्क काढून मतदारांना द्यायला हवा, म्हणून झगडलेला हा माणूस. ती एक बाजू. दुसरी बाजू इथून दीड तासावरच्या मिलवॉकीची. तिथे १९१० मध्ये एमिल सायडेल हे समाजवादी महापौर झाले. दोन्ही मोठे पक्ष हादरले आणि १९१२ मध्ये एकत्र येऊन त्यांनी सायडेल यांना पाडलं. शहराच्या निवडणुकांतून पक्षाची नावं काढण्याचा कायदा त्याच सुमाराचा. समाजवादी नाव मतपत्रिकेवर नको, हाही त्यामागचा हेतू होता. तरी १९१६ मध्ये डॅनियल होन हे समाजवादीच निवडून आले आणि चोवीस वर्षं महापौर राहिले. नाव पुसलं तरी लोकांनी माणूस ओळखला!

इथल्या एप्रिलच्या मतपत्रिकेवर महापौरपदाबरोबर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची एक जागाही आहे. तीही कागदोपत्री पक्षविरहित. पण टीव्ही लावला की जाहिरातींचा पाऊस. चार कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला म्हणतात, एका न्यायाधीशाच्या निवडणुकीवर! गर्भपाताचा कायदा आणि मतदारसंघांच्या सीमा यांचा निकाल त्या खुर्चीवरून लागणार, म्हणून दोन्ही पक्ष दोन्ही बाजूंना उघड उभे आहेत. तिथे लोक "पॅनल कुणाचं?" असंच विचारतात, शब्द तेवढे वेगळे. त्या गलक्यात बसथांबा दबून जाईल, याची मला मनापासून काळजी वाटते.

तुझी,
धाकटी

मॅडिसन
५ एप्रिल २०२३

ती. सौ. ताईस,
सा. न.

काल मी मतदान केंद्रावर बसले! इथल्या कायद्याने उमेदवार सोडून कुणीही येऊन मतदान पाहू शकतं. पासपोर्ट दाखवला, वहीत सही केली, छातीला बिल्ला लावला आणि टेबलापासून तीन ते आठ फुटांच्या आत खुर्ची मिळाली. केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली. सकाळी सात ते रात्री आठ.

आणि पहिलाच आवाज ऐकून मी चमकले. मतदार टेबलाशी येऊन आपलं नाव आणि पत्ता मोठ्याने सांगतो. आपल्याकडे पहिला मतदान अधिकारी एजंटांना ऐकू जावं म्हणून नाव पुकारतो ना, अगदी तसंच. पंचवीस वर्षं मी तेच करत आले! मग ओळखपत्र, यादीत सही, आणि क्रमांकाची एक चिठ्ठी. बोटाला शाई नाही. मतपत्रिकेवर दोन कर्मचारी आपापली आद्याक्षरं घालतात, मगच ती हातात मिळते. आडोशाला उभं राहून नावापुढचा लंबगोल काळा करायचा आणि कागद यंत्रात सरकवायचा. यंत्र मोजतं, पण कागद खाली पेटीत जपून राहतो.

दुपारी एक विद्यार्थी आला. यादीत नाव नव्हतं. मला वाटलं, आता याला परत पाठवणार. तर एका बाईंनी त्याला बाजूच्या टेबलावर बसवलं, राहण्याचा पुरावा पाहिला, अर्ज भरून घेतला आणि थोड्याच वेळात तो रांगेत उभा राहिला. नाव नाही म्हणून परत गेलेली किती माणसं मी पाहिलीत, ताई. एकदा एक म्हातारे गृहस्थ दोन तास उन्हात चालत आले होते. त्यांना मी स्वतः "नाही" म्हटलं होतं, नियमच तसा होता. काल त्या मुलाची मतपत्रिका यंत्रात गेली, तेव्हा माझे डोळे भरून आले.

संध्याकाळी टपालाने आलेली शेवटची पाकिटं फोडायला घेतली. समोर माणूस नसला तरी प्रत्येक पाकिटावरचं नाव-पत्ता तेवढ्याच मोठ्याने वाचत होते. आठला दार बंद झालं आणि यंत्रातून आकड्यांची लांबच लांब पट्टी बाहेर आली.

रोड्स-कॉनवे साधारण ५५ टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आल्या. न्यायालयाच्या जागेवर जॅनेट प्रोटासीविच जिंकल्या आणि त्यावर देशभर चर्चा चाललीय. जूनची बसयोजना आता ठरल्याप्रमाणे होणार.

आज सकाळी शेजारच्या बाई काठी घेऊन दारात उभ्या. मत कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणाल्या, नगरसेवकाला पत्र लिहायचं आहे, त्यात अंतर बरोबर हवं, तू मोजशील का? त्या हळूहळू चालत होत्या, मी पावलं मोजत होते. वाटेत दोनदा थांबलो. एकदा रस्ता ओलांडायचा दिवा फार लवकर लाल झाला, तेही त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं. त्यांच्या दारापासून नव्या थांब्याच्या खांबापर्यंत सहाशे बारा पावलं भरली. परतताना पुन्हा मोजली, सहाशे एकोणीस. पत्रात कुठला आकडा घालायचा यावर त्यांच्या फाटकाशी उभं राहून आमचं बराच वेळ बोलणं झालं. शेवटी दोन्ही घातले.

तुझी,
धाकटी