पाणी विकलेले गाव, पाणी घेतलेले शहर



अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरी जाऊन आल्यापासून गावोगावच्या पारावर मला एकच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, तिकडं काय पाहिलंत?" उंच इमारती, रुंद रस्ते, मोटारींच्या रांगा यांचे वर्णन मी काय करावे? ते सगळे आता तुम्हाला घरबसल्या पडद्यावर दिसते. पण ज्याची नोकरी बांधावर हिंडण्यात गेली, त्याचा डोळा कुठेही गेला तरी आधी पाणी शोधतो. म्हणून आज तुम्हाला त्या शहराच्या पाण्याची हकिकत सांगतो. ती तुमच्याही कामाची आहे.

मुलगी-जावई तिकडे नोकरीला आहेत. खरिपाच्या बैठका सुरू होण्याआधी, एप्रिलमध्ये रजा काढून मी आणि आमच्या सौ. जाऊन आलो. डेन्व्हर ही कोलोरॅडो राज्याची राजधानी. तिथल्या विधानभवनाच्या पायरीवर 'समुद्रसपाटीपासून एक मैल उंच' असे कोरले आहे. एक मैल म्हणजे ५,२८० फूट. आपल्या कळसूबाईच्या शिखराहून जेमतेम सव्वाशे फूट कमी! आणि हे तिथले सपाट मैदान बरे का. डोंगर तर पुढेच आहेत. पश्चिमेला रॉकी पर्वताची भिंत उभी. त्या राज्यात १४,००० फुटांहून उंच अशी पन्नासावर शिखरे आहेत. एप्रिल संपत आला तरी माथे बर्फाने पांढरेशुभ्र होते.

शहर मात्र फार जुने नाही. १८५८ साली चेरी क्रीक आणि साउथ प्लॅट या दोन प्रवाहांच्या संगमाजवळ वाळूत सोन्याचे कण सापडले आणि माणसांचा लोंढा आला. तंबू, ओंडक्यांच्या खोपटी, बैलांच्या नि खेचरांच्या गाड्या, अशी ती वस्ती. १८६३ साली आगीने गाव जळाले, १८६४ साली चेरी क्रीकला पूर येऊन बरेच वाहून गेले. पुढे १८६९ मध्ये देश ओलांडणारी मोठी रेल्वे झाली, तीही या गावाला वगळून शंभरेक मैल उत्तरेने गेली. आता गाव मोडणार असे सगळे म्हणू लागले. तेव्हा गावकऱ्यांनी आपसांत पैसा उभा केला आणि १८७० मध्ये स्वतःचा फाटा नेऊन मोठ्या रेल्वेला जोडला. त्या फाट्याने गाव तगले.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती जमीन ओसाड नव्हती. अरापाहो आणि शायान या आदिवासी जमातींचा तो मुलूख. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे सैनिकांनी त्यांच्या तळावर हल्ला करून सुमारे २३० माणसे मारली. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे.

आता पाण्याकडे वळू. डेन्व्हरला वर्षाकाठी चौदा-पंधरा इंच पाऊस पडतो, तोही बर्फ धरून. आपल्या माण-आटपाडीपेक्षाही कमीच. तरी शहरात झाडे आहेत, हिरवळ आहे. हे पाणी आले कुठून? सोने शोधायला आलेल्यांपैकी शहाणे होते त्यांना लवकरच कळले, की सोने संपेल, पण पोटाला रोज लागेल. त्यांनी कुदळ-फावडे घेऊन पाट काढायला सुरुवात केली. १८६७ मध्ये शहराचा पहिला मोठा पाट वाहू लागला. पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारावर.

पाण्याचा कायदाही त्यांनी आपल्याहून वेगळा केला. ज्याने पहिल्यांदा पाणी उचलून कामाला लावले, त्याचा हक्क पहिला. दुष्काळात ज्याचा हक्क जुना, त्याचे पाणी पूर्ण निघाल्याशिवाय नव्याला थेंब नाही. हा हक्क जमिनीपासून सुटा करून विकताही येतो. जमीन तुमच्याकडे, पाणी दुसऱ्याकडे! हा कायदा किती कडक ते ऐका. २०१६ पर्यंत शहरातल्या साध्या घरमालकाला छपराचे पाणी पिंपात धरायलाही बंदी होती, कारण ते खालच्या हक्कदाराचे. त्या साली कायदा बदलला आणि घरामागे दोन पिंपांची, मिळून सुमारे ४१६ लिटरची, मुभा मिळाली. हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "अगंबाई, पागोळ्यांखाली हंडा ठेवायलासुद्धा सरकारला विचारायचं?"

राज्याचे सुमारे ८० टक्के पाणी पर्वताच्या पश्चिमेला, आणि बहुतेक माणसे पूर्वेला. तेव्हा त्यांनी डोंगरच पोखरला. मुलीने आम्हाला एस्टेस पार्क या डोंगरातल्या गावी नेले. त्याच्या जवळच एका बोगद्याचे तोंड आहे. त्याची लांबी तेरा मैल, म्हणजे २१ किलोमीटर. १९४७ पासून पश्चिमेचे पाणी त्यातून पूर्वेच्या शेतीला येते. डेन्व्हर शहरासाठी त्याहून लांब, २३ मैलांचा बोगदा १९६२ मध्ये पुरा झाला. त्याच्या धरणासाठी डिलन नावाचे गाव उठवून दुसरीकडे वसवले. धरणग्रस्त तिकडेही आहेत. मला आपली कोयना आठवली. आपण पूर्वेला जाणारे पाणी विजेसाठी सह्याद्रीतून पश्चिमेला सोडले, त्यांनी पश्चिमेचे पाणी तहान भागवायला पूर्वेला आणले.

शहराच्या उत्तरेला वेल्ड परगणा आहे. तिथे मका, लसूणघास, शुगरबीट आणि दुभती जनावरे भरपूर. एका वयस्क शेतकऱ्याने आम्हाला आपला पाट दाखवला. पाटावर मोजमापाची चिंचोळी मोरी बसवलेली. पाहताच ओळख पटली. पार्शल फ्लूम! बी.एस्सी.ला असताना मी ती पाठ केली होती. १९२० च्या दशकात ती याच भागात, फोर्ट कॉलिन्सला, तयार झाली. पाट शेतकऱ्यांच्या कंपनीचा आहे. ज्याचे जितके शेअर, त्याला तितके पाणी, आणि प्रत्येक थेंब मोजून. आपण मृगाची वाट पाहतो, तसा हा शेतकरी डोंगरावरच्या बर्फाचे आकडे पाहतो. बर्फ हेच त्याचे धरण. मे-जूनमध्ये ते वितळते आणि पाट भरून वाहतात.

मी विचारले, "शहरवाले पाणी मागायला येतात का?" तो हसला आणि म्हणाला, "दर वर्षी येतात. तुम्ही क्रॉली पाहून या, मग बोलू."

आम्ही खरोखरच गेलो. डेन्व्हरपासून आग्नेयेला, मोटारीने तीनेक तासांची वाट. क्रॉली परगण्यात एके काळी पन्नास हजार एकरांहून अधिक जमीन पाटाने भिजत होती. टरबुजे, टोमॅटो, बीट. एका गावाचे नावच शुगर सिटी, म्हणजे साखरनगर! कारखाना १९६० च्या दशकात बंद पडला. भाव पडलेले, कर्ज वाढलेले, मुले शहरात गेलेली. अशा वेळी १९७० आणि ८० च्या दशकांत शहरांनी पाण्याचे चांगले दाम पुढे केले. एकाने विकले, मग शेजाऱ्याने विकले. पाटावरचे हिस्सेदार कमी झाले, तशी उरलेल्यांना पाटाची डागडुजी परवडेना, म्हणून त्यांनीही विकले. आज भिजणारी जमीन अगदी थोडी उरली आहे. बाकी शेतात तण आणि धूळ. दुकानांना कुलपे. आज तिथल्या लोकांना नोकऱ्यांचा मोठा आधार कशाचा, सांगू? तुरुंगांचा. साखरनगराच्या रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा आपल्याकडची कारखान्यांची गावे डोळ्यांपुढून गेली आणि पोटात गोळा आला.

विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्याच्या दारात सावकार उभा, त्याला शहाणपण शिकवणारा मी कोण? शहरालाही तहान असते, आणि २००२ च्या दुष्काळानंतर डेन्व्हरकरांनी काटकसर शिकून घेतली, हेही खरे. पण एकेकट्याने केलेल्या व्यवहारांनी सगळ्यांचा पाट मोडला, हे विसरता येत नाही. म्हणून आता त्या खोऱ्यातले शेतकरी एकत्र आले आहेत. पाणी कायमचे विकण्याऐवजी काही शेते आळीपाळीने पड ठेवायची आणि तेवढे पाणी शहराला ठरावीक काळ भाड्याने द्यायचे, असा मार्ग ते काढत आहेत. पैसा मिळतो, हक्क घरात राहतो.

बंधूंनो, आपल्याकडे पाणी असे सुटे विकले जात नाही. पण शहराजवळची विहिरीची, कालव्याची जमीन गुंठ्यागुंठ्याने जाते, तेव्हा पाणीही तिच्यासोबत जाते. म्हणून माझे तीन शब्द ऐका. पाणीवापर संस्थेचा कायदा २००५ पासून आहे. संस्था नुसती कागदावर ठेवू नका, बैठकीला जा. आपल्या वाट्याचे पाणी मोजायला शिका, कारण न मोजलेल्या पाण्यावर हक्क सांगता येत नाही. आणि खरेदीखतावर अंगठा उठवण्याआधी घरात सगळ्यांना बसवून विचारा, घरच्या लक्ष्मीलाही आणि शहरात गेलेल्या मुलालाही. पाटावरच्या शेजाऱ्यालाही विचारा. तुमचा हिस्सा निघाला की त्याचे काय होणार, हे त्याला आधी कळू द्या.