फोंतेन्यासची रंगीत घरं आणि आपली माळवदं

मैत्रिणींनो, गोव्याची सहल म्हणजे मंगेशी, शांतादुर्गा, समुद्र आणि येताना काजू, एवढंच आपलं ठरलेलं असतं. पुढच्या खेपेला पणजीत तासभर जास्त काढा आणि फोंतेन्यास हा जुना मोहल्ला जरूर पाहा.

एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला मांडवीला मिळणारी खाडी आणि मधे चिंचोळ्या गल्ल्या. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून हे नाव पडलं. १८४३ साली पणजी राजधानी झाली आणि इथली वस्ती वाढत गेली. घरं कशी म्हणाल, तर एक पिवळं, शेजारचं निळं, पलीकडचं गेरूसारखं तांबडं. खिडक्यांच्या कडा पांढऱ्या, वर कौलं, रस्त्याकडे कठड्याचे सज्जे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत. उजेड आत येतो, ऊन मात्र टोचत नाही!

पांढरा रंग चर्चचा, म्हणून घरांना इतर रंग द्यायचे, अशी रीत. पोर्तुगीज अमलात पावसाळा संपला की दरवर्षी घर रंगवावंच लागे. सक्ती खरी, पण त्यामुळे भिंतींकडे वर्षातून एकदा लक्ष जाई. चुन्याचा हात भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. पावसानं धुपला तर पुन्हा एक हात द्यायचा.

आपल्या मानवतकडच्या माळवदांचंही तेच नाही का? पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची, दिवाळीआधी भिंतींना चुना द्यायचा. एखादं वर्ष टाळलं की गळती ठरलेली. मग कुणीतरी मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवतं. ओल आत कोंडते, पोपडे सुटतात आणि सगळे म्हणतात, "जुनं झालं, आता पाडा."

फोंतेन्यासमधे अजून माणसं नांदतात, बरं का! फोटोसाठी कुणाच्याही पायरीवर बसू नका. तिथले लोक याला कंटाळलेत. आतही आपल्यासारखाच स्वयंपाक चाललेला असतो.

आणि घरी परतल्यावर एक करा. वाडा पाडायची बोलणी बैठकीत पुरुषमंडळी करतात. पण सारवून, पोतेरं फिरवून तो आजवर राखला कुणी? तेव्हा त्या बोलण्यात आपणही बसावं. चुन्याचं काम जाणणारा एखादा जुना गवंडी आधी बोलवा, भिंत दाखवा, खर्च विचारा. पाडायचं काय, ते नंतर ठरवता येईल.